हक्काचा उगम कोठें?



आमचें सोयगांव अजिंठ्याच्या डोंगरालगत, खानदेशच्या शिवेवर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निझामाच्या अमलाखालीं होता. १९४७ पर्यंत शिवेपलीकडे इंग्रजांचें राज्य. इकडे सभा भरवावयाची तर गश्ती क्रमांक ५३ प्रमाणें आधीं परवानगी काढावी लागे, असें वडीलधारे सांगत. पलीकडचा इंग्रजही कांहीं देवमाणूस नव्हता, पण त्याचा कायदा निराळा. लहानपणीं मला कोडें पडे : शीव ओलांडल्यानें माणसाचा बोलण्याचा हक्क बदलतो कसा? माणूस तोच, जीभही तीच!

पुढें मुलांना इतिहास शिकवितांना महाडच्या प्रकरणाशीं मी थबकलों. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य गणलेल्यांस खुले असावेत, असा श्री. सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळांत संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केलें. कागदावर हक्क आला. ओंजळींत पाणी आलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व तें पाणी प्याले. त्याबद्दल लोकांनीं मार खाल्ला, तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें आणि ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठरावच मागें घेतला.

आतां पाहा, हक्क ठरावानें जन्मला असता, तर ठरावाबरोबर तो मेलाही असता आणि तक्रारीस जागाच उरली नसती. परंतु डिसेंबरांत महाडासच पुनः परिषद भरली. आंबेडकरांनीं १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला, आणि परिषदेनें जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा केला. कोर्टाच्या मनाईमुळें सत्याग्रह तहकूब ठेवून दावा लढविला गेला. १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. मात्र माणुसकीच्या आधारावर नव्हे हो! प्रतिपक्षाची अनादि वहिवाट शाबीत होत नाहीं, एवढ्यावरच.

आपल्या राज्यघटनेंतील चौदावें कलम या दृष्टीनें वाचावें. राज्य समता देईल, असें तेथें लिहिलेलें नाहीं. राज्य ती नाकारणार नाहीं, असें आहे. हा शब्दांचा खेळ नव्हे. आणीबाणींत, एप्रिल १९७६ मध्यें, बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं ठरविलें. जीविताचा व स्वातंत्र्याचा अधिकार केवळ घटनेच्या कलमामुळें अस्तित्वांत आलेला नाहीं, असें एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनीं लिहिलें. पुढें त्यांना डावलून कनिष्ठास सरन्यायाधीश नेमलें गेलें व त्यांनीं राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं त्याच न्यायालयानें चौघांचा तो निर्णय चुकीचा ठरविला. तोंवर न्या. खन्ना हयात नव्हते.