वनौषधी, संगणक आणि स्मृतिभ्रंश



घरातील वडीलधारे माणूस पोटच्या मुलालाच "आपण कोण?" असे विचारू लागले, की घरचे लोक मिळेल त्या उपायामागे धावतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांच्या जोडीला आता 'संगणकाने सिद्ध केलेले' औषधही जाहिरातींतून येऊ लागले आहे. हा संगणक नेमके काय करतो, ते म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत निरोप पोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य कमी पडते. त्याचे विघटन करणाऱ्या विकराची रचना १९९१ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत उलगडली. त्या रचनेतील अरुंद, खोल घळीत वनस्पतीचा कोणता रेणू कितपत घट्ट बसेल, याचे गणित संगणक मांडतो. हजारो रेणूंची चाळणी थोडक्या दिवसांत होते. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेच्या 'इम्पॅट' संग्रहात २०१८ साली १,७४२ भारतीय औषधी वनस्पतींतील ९,५९६ रसायने नोंदलेली होती. पुढील आवृत्तीत वनस्पती ४,०१० आणि रसायने १७,९६७ झाली. ग्रंथोग्रंथी विखुरलेले ज्ञान असे एकत्र यावे, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु चाळणीतून उरलेला रेणू म्हणजे औषध नव्हे. हळदीतील कर्क्युमिन अशा याद्यांत हटकून झळकते. प्रत्यक्षात ते आतड्यातून जेमतेमच शोषले जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या २४ आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीत रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही. (हळदीच्या पेटंटाची लढाई भारताने १९९७ साली जिंकली, ती जखमा भरून येण्याच्या गुणाबद्दल होती, हेही ध्यानात असावे.)

अश्वगंधेची कथा याहून उद्बोधक. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखविले, की तिच्या अर्काने उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइडचा साठा घटला. कसा? तर यकृतातील एक प्रथिन वाढून! मेंदूतल्या एकाच कुलपावर दृष्टी खिळवलेल्या संगणकाला ही वाट दिसलीच नसती. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे; माणसांवरील काटेकोर चाचण्यांवाचून पुढचे पाऊल नाही.

बर्फातून उमलणाऱ्या स्नोड्रॉपच्या कुळातील गॅलँटामिन बल्गेरियातून जगापुढे आले आणि २००१ साली अमेरिकेत मान्य झाले, ते अशाच कसोट्यांतून. तेही रोग बरा करीत नाही, लक्षणे काही काळ सौम्य करते.

याच विकराला रोखणारी डोनेपेझिलसारखी गोळी चालू असताना त्याच गुणाचे आणखी काही पोटात गेले, तर रुग्णाची नाडी मंदावू शकते. तेव्हा काढा, चूर्ण जे काही चालू असेल ते डॉक्टरांच्या कानी घालावे. पुष्कळ घरांत नेमके तेच राहून जाते.