एकजुटीची कसोटी



एकाच संकटात सापडलेली माणसे एकत्र येतात, त्याला आपण एकजूट म्हणतो. पण ती तर गरज झाली. आमच्या मते एकजुटीची खरी कसोटी लागते ती काहींची गरज भागल्यावर.

पोलंडमधील ग्दान्स्क बंदराचे उदाहरण घेऊ. तेथील लेनिन जहाजबांधणी कारखान्यात १४ ऑगस्ट १९८० रोजी संप सुरू झाला. क्रेन चालविणाऱ्या आन्ना वालेन्तिनोविच यांना निवृत्तीला थोडेच महिने उरले असता कामावरून काढले होते. त्यांना परत घ्यावे व पगार वाढवावा, या प्रमुख मागण्या होत्या. दोनच दिवसांत व्यवस्थापनाने त्या मान्य केल्या. पुढारी लेख वालेसा यांनी संप संपल्याचे जाहीर केले आणि माणसे घरी निघाली.

परंतु या संपाला पाठिंबा म्हणून काम थांबविलेल्या ट्रामच्या व लहान कारखान्यांच्या कामगारांच्या पदरात काहीच पडले नव्हते. मोठा कारखाना बाजूला झाला, की त्यांना चिरडणे सोपे होते. 'गरज सरो, वैद्य मरो' अशातलाच हा प्रकार! तेव्हा स्वतः आन्नाबाई आणि कारखान्यातील परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का दरवाजांकडे धावल्या व जाणाऱ्यांना परत फिरवू लागल्या. सगळेच थांबले नाहीत. पण जे थांबले त्यांच्या बळावर दुसरा संप उभा राहिला. तो आता सर्वांचा होता. २१ मागण्यांची यादी झाली, आणि ३१ ऑगस्टला सरकारला स्वतंत्र कामगार संघटनेचा हक्क मान्य करावा लागला. त्या संघटनेने नाव घेतले 'सॉलिदारनोश्च', म्हणजे एकजूट.

दया करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. येथे मात्र ज्यांचे भागले होते, ते ज्यांचे राहिले होते त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

पोलंडमध्ये २००५ पासून ३१ ऑगस्ट हा एकजूट व स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो. समाज असे दिवस का पाळतात? केवळ विजयाचा आनंद म्हणून, हे उत्तर पुरत नाही. डिसेंबर १९८१ मध्ये तेथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि संघटना दडपली गेली. १९८९ मध्ये निवडणुकीत तिचा विजय झाला, आणि पुढे तिच्यातीलच सहकारी परस्परांचे विरोधक बनले. एकजूट ही एकदा मिळवून कोठारात ठेवण्याजोगी वस्तू नव्हे. ती टिकते तोवरच असते. म्हणूनच तिची वर्षातून एकदा तरी आठवण करावी लागते.

असे दिवस आपणही पाळतो. हारतुरे आणि भाषणे झाल्यावर 'आपले भागले, पण कोणाचे राहिले?' एवढा एक प्रश्न आपण स्वतःला विचारला, तर त्या दिवसाचे चीज झाले असे आम्ही समजू.