शीर्षप्रहेलिका : एका प्रचंड संख्येचे अंतरंग

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' परार्धापर्यंत, म्हणजे अठरा स्थानांपर्यंत संख्यांना नावे देते. व्यवहाराला तेवढी पुरेशी आहेत. जैन आगमांतील कालगणनेला मात्र ती पुरत नाहीत.

अनुयोगद्वारसूत्रानुसार ८४ लक्ष वर्षांचे एक पूर्वांग आणि ८४ लक्ष पूर्वांगांचे एक पूर्व. अशा रीतीने प्रत्येक वेळी ८४ लक्षांनी गुणत गेले असता अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. तिच्यापुढे पल्योपम, सागरोपम या उपमांचा आश्रय घ्यावा लागतो. ही संख्या १९४ अंकी आहे. आरंभीचे ५४ अंक असे :

७५८२६३२५३ ०७३०१०२४१ १५७९७३५६९ ९७५६९६४०६ २१८९६६८४८ ०८०१८३२९६

त्यापुढे १४० शून्ये.

एवढी अवाढव्य संख्या, परंतु तिच्या पोटात केवळ चार मूळ संख्या आहेत : २, ३, ५ आणि ७. कारण ८४ लक्ष म्हणजे २ चा सातवा घात, ३, ५ चा पाचवा घात आणि ७ यांचा गुणाकार. त्याचा अठ्ठाविसावा घात घेतला की घातांक अनुक्रमे १९६, २८, १४० आणि २८ होतात. म्हणजे ही संख्या दोनाने १९६ वेळा निःशेष भागली जाते. (वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेतील 'अर्धच्छेद' ही कल्पना अभ्यासकांना येथे आठवेल.) प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला असता तिचे एकूण विभाजक मिळतात : २,३३,६०,४५७. हा आकडा विषम आहे, कारण शीर्षप्रहेलिका हा पूर्ण वर्ग आहे.

मला यातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकलल्या गेलेल्या पोथ्यांत ५४ अंकांपैकी एखादा चुकणे किती सहज! वरील अंकांची बेरीज करून पाहा. ती २५२ येते आणि तिला नवाने भाग जातो. एखादा अंक बदलला तर ही कसोटी बहुधा बोलते. शून्याच्या जागी नऊ पडला तर ती गप्प बसते, पण तेथे साताने भागून पाहावे, बाकी उरतेच. संख्येचे अवयवच तिच्या शुद्धतेचे साक्षीदार आहेत. मुद्रितशोधकांना हे सुख इतरत्र कोठे लाभते?

ज्योतिष्करंडकाच्या परंपरेत शीर्षप्रहेलिका छत्तिसाव्या पायरीवर येते आणि २५० अंकी होते. नेमक्या २५० अंकांचीच एक आधुनिक संयुक्त संख्या आहे, आरएसए-२५०. ती दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार आहे. ते दोन अवयव शोधून काढण्यास फेब्रुवारी २०२० उजाडले आणि असंख्य संगणकांना राबावे लागले. ज्योतिष्करंडकाच्या संख्येचे अवयव मात्र शाळकरी मुलगा पाटीवर मांडील : दोनाचा घातांक २५२, पाचाचा १८०, तीन व सात यांचे प्रत्येकी ३६. अंक तेवढेच, पण एक संख्या आपले गुपित राखते, दुसरी ते उघड सांगते. आपल्या बँकांचे संगणकीय व्यवहार सुरक्षित राखण्यासाठी अशाच ६१७ अंकी गुपित राखणाऱ्या संख्या वापरल्या जातात.