चंद्राची कला आणि मजुराचे साल



आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा युरोपातल्या केल्ट लोकांच्या पंचांगावर आम्ही काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण या विषयाकडे आम्हांला एका अमावास्येने ढकलले. एका कारखान्यात पगारवाढीचा करार ठरला. सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती. आमच्यातली वडील मंडळी म्हणाली, "साहेब, उद्या अवस आहे, परवा करू." आम्ही मान तुकवली. त्या एका दिवसात मालकाने वाढीचा आकडा खाली आणला! तेव्हापासून तिथी आणि मजुरी यांचे नाते काय, हे आम्ही शोधीत आहो.

फ्रान्समध्ये कोलिन्यी गावी १८९७ साली एका काशाच्या पाट्याचे तुकडे सापडले. भाषा गॉल लोकांची, अक्षरे रोमन, काळ इसवी सनाचे दुसरे शतक. हे पाच वर्षांचे पंचांग आहे. महिने चंद्राचे, कुणी तीस दिवसांचा, कुणी एकोणतीस. प्रत्येक महिन्याचे आपल्या पक्षांसारखे दोन भाग, आणि प्रत्येक दिवसापाशी खुंटी सरकवण्यासाठी भोक. पाच वर्षांचे साठ महिने आणि वर दोन अधिक, असे एकूण बासष्ट. हा आकडा वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. आपल्या वेदांगज्योतिषातले युगही पाच वर्षांचेच, आणि त्यातही चांद्रमास बासष्टच! शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या १८९६ च्या ग्रंथात वेदांगज्योतिषाचा सविस्तर विचार केला, आणि पुढच्याच वर्षी तो पाटा जमिनीतून वर आला. यावरून कुणी कुणाचा शिष्य ठरत नाही. चंद्र सगळीकडे एकच, आणि हिशेब करणारी माणसेही तशीच.

रोमन लेखक प्लिनी सांगतो की यांचे ड्रुइड पुरोहित चंद्राच्या सहाव्या दिवशी सोन्याच्या विळ्याने ओकवरचे बांडगूळ कापीत. महिना सुरू व्हायचा तोही त्याच दिवशी. कारण चंद्र अजून अर्धा झालेला नसला तरी त्याच्या अंगी बळ आलेले असते. (बांडगुळांची पूजा आपल्याकडेही चालते, पण ती निराळी बांडगुळे.) हल्ली 'केल्टिक वृक्षराशी' म्हणून जे भविष्य खपते, त्याचे मूळ मात्र रॉबर्ट ग्रेव्हज या कवीच्या १९४८ च्या पुस्तकात आहे. ते ड्रुइडांच्या माथी मारू नये.

आता ऋतूंकडे येऊ. आयर्लंडात वर्षाचे दोन भाग. १ नोव्हेंबरला सॅविन, म्हणजे गुरे कुरणांतून खाली आणायची. १ मेला बेल्टेन, म्हणजे दोन होळ्यांमधून गुरे काढून वर चरायला न्यायची. सण गेले, तारखा उरल्या. जमीनदाराचा खंड त्याच दोन दिवशी देय होई. १७५२ साली कॅलेंडरातले अकरा दिवस गाळले, तेव्हा मजुरांचे बाजार १२ मे आणि १२ नोव्हेंबरला भरू लागले. स्ट्रबेन, लेटरकेनी या गावांत पोरे-पोरी काखेत गाठोडे घेऊन उभी राहत, शेतकरी त्यांचे दंड चाचपून पाहत, आणि सहा महिन्यांचा सौदा होई. मजुरी शेवटी, मधेच सोडून गेला तर ती बुडाली.

हे वाचताना आम्हांला आमच्याकडचा सालगडी आठवला. त्याचे साल पाडव्याला ठरते, खानदेशात आखाजीला. त्यात चंद्राचा प्रभाव केवढा, आणि मागली उचल केवढी? मजुराला सोडायला आणि धरायला शेतीवाल्याला जो दिवस सोयीचा, तोच मुहूर्त ठरला, असे आमचे मत आहे.

१८८६ साली अमेरिकेतल्या कामगारांनी आठ तासांसाठी संप केला तोही १ मेलाच. त्यांच्या मनात बेल्टेन होते असे आम्ही म्हणत नाही. पण मजुराने आपला दिवस आपण ठरवला, एवढे खरे.

पुढच्या कराराच्या वेळी सहीचा दिवस पुन्हा अमावास्येचाच आला. आम्ही वडील मंडळींना विचारले, "मालक वह्यांची पूजा कधी करतो?" "लक्ष्मीपूजनाला." "त्या दिवशी तिथी कोणती?" मंडळी हसली. सही झाली. एकाने आधी पेनला हळदकुंकू लावले. आम्ही हरकत घेतली नाही.