वही कुणी नेली?



मांजरीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांइतकाच आणखी एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे पोरांचं इंग्रजी. आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलं शब्द पाठ करतात, धडाही वाचतात. पण मनातलं चार ओळी लिही म्हटलं, की पेन थांबतं. आपण आया मग गप्प बसतो, कारण आपल्यालाच इंग्रजी येत नाही.

म्हणून मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाचवी ते सातवीच्या मुलांना दर रविवारी एकत्र बसवलं आणि त्यांच्याकडून इंग्रजीत रहस्यकथा लिहून घेतली. ते कसं केलं, ते आज सांगतो.

रहस्यकथाच का? 'माझी आई' असा निबंध दिला, की मुलं गाईडातून उतरवतात. 'वही कुणी नेली?' याचं उत्तर गाईडात नसतं. आणि एकदा प्रश्न पडला, की तो सुटेपर्यंत मूल उठत नाही. शिवाय ही वाट आपल्या ओळखीची आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश फेणे, आपल्या शेजारच्याच फुरसुंगीचा. सायकलवरून फिरणारा हा पोरगा सगळी कोडी सोडवतो. त्याच्यावर 2017 साली सिनेमाही आला. फुरसुंगीचं पोरगं हे करू शकतं, तर मांजरीचं का नाही? एवढं म्हटल्यावर मुलं सरसावून बसली.

पहिला नियम केला, की खून-मारामारी नको. काहीतरी हरवू द्या. मुलांनी ठरवलं, बचत गटाची हिशेबाची वही कपाटातून गायब झाली.

दुसरं, शेवट आधी ठरवायचा. वही कुणी नेली हे लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशीच माहीत हवं. मगच वाटेत खुणा पेरता येतात. या खुणेला इंग्रजीत 'क्लू' म्हणतात.

तिसरं, पाच प्रश्न. काय, कुठे, कधी, कुणी, का. हे प्रश्न आपण मराठीत विचारायचे. मूल आधी मराठीत सांगेल, मग इंग्रजीत लिहील. वाक्यं लहान ठेवा. 'द कबर्ड वॉज ओपन.' 'द फ्लोअर वॉज वेट.' कपाट उघडं होतं, जमीन ओली होती. गोष्ट घडून गेलेली असते, म्हणून 'इज'चं 'वॉज' करायची सवय आपोआप लागते.

चौथं, शब्दांची पाटी. चावी, पाऊलखूण, हरवलेलं, अचानक अशा दहा-बारा शब्दांचं इंग्रजी भिंतीवर लावून ठेवा. शाळेतल्या बाई किंवा कॉलेजात जाणारी मुलगी ते लिहून देईल.

पाचवं, संशयित तीन. प्रत्येकाकडे काहीतरी कारण हवं आणि प्रत्येकाबद्दल काहीतरी खूण हवी.

इथेच आमची गाडी अडली. मुलांचे संशयित होते खजिनदाराचा नातू, शेजारची शेळी आणि भंगारवाली बाई. चोर कोण, असं विचारलं तर बहुतेक सगळे एका सुरात म्हणाले, भंगारवाली! आमच्या वर्गात एक मुलगी बसते, तिची आई भंगार गोळा करते. तिनं पेन खाली ठेवलं आणि वही मिटली.

आम्हाला क्षणभर सुचेना. रागवावं, तर सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच गेलं असतं. मग आम्ही गोष्टीचाच नियम पुढे केला. "खूण दाखवा," म्हटलं. मुलं म्हणाली, "ती रोज येते." रोज तर दूधवालाही येतो. "तिच्याकडे पोतं असतं." पोतं ही खूण झाली का? मुलं गप्प झाली. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "खूण काहीच नाही." मग सांगितलं, ज्याच्याविरुद्ध खूण नाही, त्याला गोष्टीतसुद्धा चोर म्हणता येत नाही.

पुढच्या रविवारी ती मुलगी पानभर लिहून घेऊन आली. तिच्या गोष्टीत कपाटाजवळ सुतळीचा तुकडा पडलेला असतो आणि कोपऱ्यातला रद्दीचा गठ्ठा गायब असतो. वही चुकून रद्दीत गेलेली असते. भंगारवाली बाई वजन करायच्या आधी गठ्ठा सोडते, शाईनं लिहिलेली वही बघते आणि परत आणून देते. शेवटचं वाक्य होतं, 'शी ऑलवेज ओपन्स द बंडल.' ती नेहमी गठ्ठा सोडून बघते. हे त्या मुलीलाच ठाऊक होतं, बाकी कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

त्या पानावर स्पेलिंगच्या बऱ्याच चुका होत्या. त्या दिवशी आम्ही एकही दुरुस्त केली नाही. आधी गोष्ट ऐकली, टाळ्या वाजवल्या. चुका पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःच शब्दांच्या पाटीवर बघून सुधारल्या.

मैत्रिणींनो, त्या मुलांपेक्षा आम्हीच जास्त शिकलो. बैठकीत पन्नास रुपये कमी भरले, की आपली नजर आधी कुणाकडे वळते? आता आम्ही आधी बेरीज तपासतो, पावत्या बघतो, मग बोलतो.

आणि आयांनो, इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. मुलाला मराठीत विचारा, "मग पुढे काय झालं? तुला कसं कळलं?" चोर तुम्ही आधीच ओळखलात, तर तसं सांगा. खुणा जरा लपवायला हव्यात, हे त्याला कळेल. एवढं आपल्यापैकी प्रत्येकीला जमतं.

या रविवारी घरातली एखादी वस्तू गोष्टीपुरती हरवू द्या. मुलानं लिहिलेलं पान पुढच्या बैठकीला घेऊन या आणि गटात मोठ्यानं वाचायला लावा.