पिशवी कोणी धरायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुट्टीला गेलेल्या माणसानं पहाटे दोनचा गजर लावावा, तोही पैसे भरून, हे आपल्याकडच्या कुणाही शहाण्या माणसाला पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं. पण जानेवारी २०१८ मध्ये आमच्या घरातल्या पाच माणसांनी चार दिवसांत आळीपाळीनं असे गजर लावले. ठिकाण होतं अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि निमित्त होतं तिथल्या मॅरेथॉनचं.

आधी या जागेविषयी थोडं सांगतो. आपण डिस्ने वर्ल्ड म्हणतो तेव्हा एखादी मोठी जत्रा किंवा बाग डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तो शंभर चौरस किलोमीटरच्या आसपासचा मुलूख आहे. वॉल्ट डिस्ने १९६६ मध्ये वारले. त्यांनी पाहिलेल्या या स्वप्नाचा पहिला भाग, म्हणजे मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडला. १९८२ मध्ये एपकॉट आलं, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते आलं आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. अशी चार उद्यानं, मधे तळी, जंगल, हॉटेलं आणि त्यांना जोडणारे रुंद रस्ते. १९९४ च्या जानेवारीत इथं पहिली मॅरेथॉन झाली. पूर्ण मॅरेथॉनचा ४२.२ किलोमीटरचा मार्ग या चारही उद्यानांतून जातो. सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या कमानीखालून माणसं पळत जातात, तेव्हा बाहेर अजून उजाडलेलंही नसतं.

आता तिथं एक शर्यत नसते, चार असतात. गुरुवारी ५ किलोमीटर, शुक्रवारी १०, शनिवारी अर्धी मॅरेथॉन आणि रविवारी पूर्ण. प्रत्येक शर्यतीच्या पदकावर वेगळं पात्र. अर्धी मॅरेथॉन डोनाल्ड डकची, पूर्ण मिकीची. शनिवार-रविवार दोन्ही पळणाऱ्याला गूफीचं पदक मिळतं. ही टूम २००६ मध्ये निघाली. २०१४ पासून चारही दिवस पळणाऱ्यांसाठी डोपीचं पदक आहे. चार दिवसांचं एकूण अंतर ७८ किलोमीटर. पदकाला बौनाचं नाव दिलंय, पण काम राक्षसाचं आहे!

गंमत म्हणजे जिंकणाऱ्याला इथं रोख बक्षीस नसतं. तरीही ब्राझीलच्या अद्रियानो बास्तोस या धावपटूनं ही मॅरेथॉन आठ वेळा जिंकली. पण खरं सांगायचं तर कोण जिंकलं याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. वाटेत जागोजागी मिकी, गूफी, चिप आणि डेल उभे असतात आणि पळणारी माणसं रांग लावून त्यांच्याबरोबर फोटो काढतात. शर्यतीत मधेच थांबून फोटोची रांग! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो.

आमच्या घरची योजना कन्येनं आखली. ती आणि जावई तिकडेच नोकरीला. जावई रविवारची पूर्ण मॅरेथॉन पळणार, कन्या शनिवारची अर्धी. म्हणजे एक जण पळेल तेव्हा दुसरा लेकीजवळ राहील. नात सहा वर्षांची, तिच्यासाठी लहान मुलांची शर्यत. मी बरीच वर्षं पळतो, तेव्हा मला शुक्रवारची १० किलोमीटरची. आणि फोनवर शेवटी ती म्हणाली, ‘‘बाबा, आईचंही नाव घातलंय. तुमच्याच शर्यतीत.’’

सौ. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि या चौतीस वर्षांत तिनं कशातही भाग घेतलेला नव्हता. मुलीची खो-खोची स्पर्धा असो, माझी पुण्याची किंवा मुंबईची शर्यत असो, ती कडेला उभी असायची. हातात पिशवी, पिशवीत माझा स्वेटर, पाण्याची बाटली आणि डब्यात लाडू. आदल्याच वर्षी तिच्या रक्तातली साखर वाढली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. ‘‘चालते की स्वयंपाकघरात दिवसभर,’’ हे तिचं उत्तर. पण लेकीनं नाव घातलंय आणि पैसे भरलेत म्हटल्यावर ती गप्प झाली. भरलेले पैसे वाया घालवणं तिच्या स्वभावात नाही.

या शर्यतीत एक कडक नियम आहे. मैलाला सोळा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा मिनिटं, याहून हळू चालायचं नाही. अगदी शेवटचा माणूस सुरुवातीची रेघ ओलांडतो, तिथून हे घड्याळ सुरू होतं. त्याच्या मागून फुगे बांधलेल्या काही बायका नेमक्या याच वेगानं चालत येतात. तिथं त्यांना बलून लेडीज म्हणतात. त्यांनी तुम्हाला मागं टाकलं, की तुम्हाला मार्गावरून बाजूला घेऊन गाडीत बसवतात. अपमान कुणी करत नाही, गोड बोलून बसवतात. पण बसवतात. सौ.नं हे ऐकलं आणि त्या गाडीला ‘उचलायची गाडी’ असं नाव देऊन टाकलं.

आम्ही कोल्हापूरचे. सकाळी शाळेच्या मैदानावर ४०० मीटरच्या आखलेल्या मार्गावर जायला लागलो. हिशेब सोपा होता. एक फेरी चार मिनिटांत झाली पाहिजे आणि अशा पंचवीस फेऱ्या. ऑक्टोबरमध्ये सौ.ची फेरी चार मिनिटं चाळीस सेकंदांची होती. नुसतं भरभर चालून ती सव्वाचारच्या खाली येईना. मग आम्ही जेफ गॅलोवे यांची पद्धत धरली. हे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून दहा हजार मीटर पळालेले धावपटू. थोडं पळा, थोडं चाला, दमण्याच्या आधीच चालायला लागा, असं त्यांचं सांगणं. त्यामुळे स्नायूंना मधे मधे विसावा मिळतो आणि शेवटपर्यंत वेग टिकतो. तीस सेकंद पळायचं, साठ सेकंद चालायचं, असं आम्ही ठरवलं. पंजाबी ड्रेस आणि नवे बूट घालून अठ्ठावन्न वर्षांची बाई मैदानावर पळते म्हटल्यावर पोरं बघायची. आठवडाभर बघितलं, मग त्यांनाही सवय झाली. डिसेंबरअखेर फेरी चार मिनिटांवर आली होती. जेमतेम.

आम्ही पोचलो तेव्हा फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. राज्याच्या उत्तरेला टलाहासी शहरात ३ जानेवारीला चक्क बर्फ पडला होता. आदल्या वर्षी तर वेगळंच संकट आलं होतं. ७ जानेवारी २०१७ ची अर्धी मॅरेथॉन विजांच्या वादळामुळे रद्द करावी लागली होती. तेव्हा काही जण हॉटेलच्या आवारातच फेऱ्या मारून २१ किलोमीटर पळाले म्हणे. कुणी बघायला नाही, घड्याळ नाही, तरी पळाले. हे ऐकून सौ. म्हणाली, ‘‘म्हणजे सगळे आपल्यासारखेच. पैसे वाया घालवत नाहीत.’’

शुक्रवारी पहाटे दोनला उठून बसनं एपकॉटच्या वाहनतळावर पोचलो. शर्यत साडेपाचला. हजारो माणसं अंधारात कुडकुडत उभी. जुने स्वेटर अंगावर घालून यायचे आणि निघताना कडेला टाकून द्यायचे, ते नंतर गरजूंसाठी गोळा करतात, ही तिथली रीत. सौ.नं स्वेटर टाकायला साफ नकार दिला आणि कमरेला बांधला. आम्ही शेवटच्या गटात होतो. म्हणजे आमच्या मागं जवळजवळ कुणीच नाही. फक्त फुगे.

पहिले चार किलोमीटर रस्त्यावरून ठीक गेले. मग एपकॉटमध्ये शिरलो. तिथं एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जपान, मोरोक्को, फ्रान्स, असे सगळे. त्यात भारत नाही. आपला वाघ, आपल्या महालांचे अवशेष आणि हिमालयाचा देखावा आहे तो तिकडे अ‍ॅनिमल किंगडममध्ये. तळ्याकाठी दिव्यांची आरास होती. एरवी सौ. थांबून बघत राहिली असती. पण तिनं मान वर केली नाही. एका वळणावर फोटोची रांग दिसली. मी खूण केली, तर म्हणाली, ‘‘फोटो मग. आधी वेळेत पोचू दे.’’

सहाव्या किलोमीटरच्या पुढं तिच्या कुशीत कळ यायला लागली. मी दर मिनिटाला घड्याळ बघून सांगत होतो, इतकी मिनिटं झाली, इतकी राहिली. ती एकदम म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही जावा पुढं. तुम्ही सारखं घड्याळ बघताय, त्यानंच माझा दम जातोय. मी येते माझी माझी.’’

मी म्हटलं, ‘‘आणि गाडी आली तर?’’

‘‘आली तर बसेन. पण बसायचं का नाही ते मी बघते.’’

चौतीस वर्षांत तिनं मला असं सांगितलं नव्हतं. मी निघालो. जाताना तिनं कमरेचा स्वेटर सोडून माझ्या हातात दिला. ‘‘एवढा घेऊन जावा. ओझं होतंय.’’

उरलेले चार किलोमीटर मी पळालो, पदक गळ्यात पडलं आणि मग अंतिम रेषेजवळच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. हातात तिचा स्वेटर, पाण्याची बाटली आणि तिथं सगळ्यांना देतात तो खाऊचा डबा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कठड्याजवळ उभं राहिलेल्या माणसाला वेळ कसा लागतो, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. पळणाऱ्याला निदान काही करता तरी येतं. उभ्या माणसाला येणाऱ्या प्रत्येक डोक्याकडे बघत राहण्याशिवाय काही करता येत नाही. ती हे किती वर्षं करत होती!

चौदा मिनिटांनी ती दिसली. एकटी नव्हती. तिच्याबरोबर साठीच्या घरातली एक गोरी बाई होती आणि दोघी एकाच वेळी पळत, एकाच वेळी चालत येत होत्या. त्या बाईच्या हातात वाजणारं घड्याळ होतं. ते वाजलं की पळायचं, पुन्हा वाजलं की चालायचं. त्या बाईला मराठी येत नव्हतं आणि सौ.चं इंग्रजी ‘थँक्यू’च्या पुढं जात नाही. चार किलोमीटर दोघींनी घड्याळाच्या आवाजावर काढले होते. फुगे त्यांच्या मागंच होते. सौ.नं रेघ ओलांडली तेव्हा तिचा वेळ होता सत्त्याण्णव मिनिटं. दहा किलोमीटरला परवानगी साधारण नव्व्याण्णवची! गळ्यात मिनी माऊसचं पदक घातलं गेलं आणि मग मात्र ती फोटोच्या रांगेत अर्धा तास उभी राहिली.

शनिवारी कन्येची अर्धी मॅरेथॉन झाली, रविवारी जावयांची पूर्ण. नात आपल्या शर्यतीत मधेच मागं वळून आजी बघतेय ना याची खात्री करून पुन्हा पळाली. प्रत्येक वेळी कठड्याशी कुणीतरी पिशवी घेऊन उभं होतं, आणि प्रत्येक वेळी ते माणूस वेगळं होतं.

कुणाला असं सहकुटुंब जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. नावनोंदणी लवकर भरते. तिच्या शुल्कात उद्यानाचं तिकीट नसतं, ते वेगळं काढावं लागतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी उद्यानात भटकू नका. नकळत दहा-पंधरा किलोमीटर पायपीट होते आणि दुसऱ्या दिवशी पाय साथ देत नाहीत. आणि पहाटे दोनला तिथं गरम काही मिळेल या भरवशावर राहू नका. आमचं भडंग आणि मेतकूट-भात फार कामी आले.

पण त्यासाठी फ्लोरिडाच गाठायला हवं असंही नाही. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांची वेगळी दौड असते, हौशी लोकांसाठी ड्रीम रन असते. आज लहानसहान गावांतही पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती होतात. अशा ठिकाणी कडेला बघा. कुणीतरी हमखास स्वेटर आणि डबा धरून उभं असतं. आपण गृहीत धरतो, की त्यांना उभं राहणंच आवडतं. एकदा विचारून बघा. नाहीतर आमच्या कन्येसारखं न विचारताच नाव घालून टाका.

सौ. अजून रोज मैदानावर जाते. साखर आटोक्यात आहे. मी बरोबर असतो, पण घड्याळ घरी ठेवून.