ट्रॅक्टर उघडण्यापूर्वी : जुन्या ट्रॅक्टरच्या क्लच व गिअर बॉक्समधील दोष कसा ओळखावा

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषय शिकवतो. तेव्हा आज बियाणे-खते सोडून क्लच आणि गिअर बॉक्सवर बोलायला उभा राहिलो याचे काहींना नवल वाटेल. पण काळ्या जमिनीत पहिला चांगला पाऊस झाल्यावर वापसा किती दिवस टिकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नेमक्या त्या चार-सहा दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजसमोर दोन भाग होऊन पडला असेल, तर वाणाची निवड आणि बीजप्रक्रिया चांगली असूनही पेरणी लांबते.

आपल्याकडे जुने ट्रॅक्टर पुष्कळ आहेत. १९६० च्या दशकात मुंबईत बनू लागलेला बी-२७५, मॅसी फर्ग्युसनचे लहान मॉडेल, पिंजोरचे एच.एम.टी. असे कितीतरी ट्रॅक्टर अजून शेतात चालतात. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी त्याचे ट्रॅक्टर काही बंद पडलेले नाहीत. अशा ट्रॅक्टरने ओढणे सोडले की पहिले वाक्य कानावर येते ते "गिअर बॉक्स गेला" हे. माझे सांगणे एवढेच आहे की हे वाक्य सर्वांत शेवटी उच्चारावे. क्लच किंवा गिअर बॉक्सपर्यंत पोचण्यासाठी बहुतेक ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. त्यात सुट्या भागांपेक्षा मजुरी आणि मोडलेले दिवस जास्त जातात. त्याआधीच्या तपासण्या तुम्ही स्वतः तासाभरात करू शकता.

पहिला प्रश्न असा की ट्रॅक्टर ओढत नाही, म्हणजे नक्की काय होते? नांगर लावला की इंजिन दबते, काळा धूर येतो आणि वेग उतरतो, असे असेल तर क्लचचा दोष नाही. भार जास्त आहे किंवा इंजिन अशक्त आहे. मागची चाके फिरतात पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, तर ती चाकांची घसरण. इंजिनाचा आवाज चढतो, चाके मात्र सुस्त, आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे.

यांतील चाकांची घसरण मोजता येते आणि हा माझ्या विषयाचाच भाग असल्याने त्यावर थोडे थांबतो. मागच्या टायरवर खडूने खूण करा. त्याच शेतात अवजार उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत किती अंतर गेले ते मोजा. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा १० फेरे मोजा. समजा, पहिल्या वेळी ४० मीटर आणि दुसऱ्या वेळी ३४ मीटर भरले, तर ६ मीटर, म्हणजे १५ टक्के घसरण झाली. कडक जमिनीत १० ते १५ टक्क्यांपर्यंत चालते. ती २५-३० वर गेली, तर गुळगुळीत टायर, कमी वजन किंवा ओली जमीन यांत कारण शोधावे. वापसा येण्याआधी नांगर घालण्याची घाई केली, की डिझेल जाते, ढेकळे निघतात आणि दोष बिचाऱ्या क्लचवर येतो.

क्लच घसरतो की नाही हे उभ्या ट्रॅक्टरवरही कळते. सपाट मोकळ्या जागी ट्रॅक्टर लावा. पुढे-मागे कोणी नको. दोन्ही ब्रेक जोडून पक्के लावा, वरचा गिअर टाका, इंजिन मध्यम वेगावर ठेवा आणि पेडल हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडेल. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच आणि क्षणभरच करावी, नाहीतर चाचणीच प्लेट जाळते.

क्लच घसरत असला तरी लगेच प्लेट बदलायला निघू नका. आधी पेडलची मोकळी चाल पाहा. पेडल हाताने दाबल्यावर बेअरिंगचा दाब लागेपर्यंतचे अंतर म्हणजे ही चाल. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत ती २० ते ३० मि.मी. असते; नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून घ्यावा. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होते आणि शेवटी बेअरिंग सतत दाबलेले राहते. मग प्लेटला पूर्ण पकड मिळत नाही. रॉडवरील नट फिरवून चाल पुन्हा बसवणे हे एका पान्याचे काम आहे. पेडलवर पाय ठेवून ट्रॅक्टर हाकण्याची सवयही हेच नुकसान करते. रोटाव्हेटर चालवताना पेडल अर्धवट दाबून वेग सांभाळणाऱ्या चालकांना तर मी हात जोडतो.

चाल बरोबर असूनही घसरण असेल, तर ट्रॅक्टरखाली वाका. क्लचच्या घराला तळाशी लहान भोक असते आणि अनेक ट्रॅक्टरांत त्यात कॉटर पिन लोंबत असते. आत गळलेले तेल बाहेर पडावे, हा त्याचा उपयोग. चिखलणीच्या वेळी पाणी आत जाऊ नये म्हणून काही ट्रॅक्टरांत तिथे बूच लावतात आणि नंतर ते काढायचे राहून जाते. एका गावी मी पाहिलेल्या ट्रॅक्टरचे भोक वाळलेल्या चिखलाने बुजले होते. खिळ्याने ते मोकळे केल्यावर पेलाभर काळे तेल पडले. वर्षभरापूर्वीच नवी प्लेट बसवली होती, पण तेल गळण्याचे मूळ कुणी पाहिले नव्हते. पातळ काळे तेल आले तर इंजिनाच्या मागचे ऑइल सील गेले. घट्ट आणि उग्र वासाचे आले तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील गेले. दोन्ही वेळा ट्रॅक्टर उघडावा लागेल, पण कोणते सील आणायचे हे आधीच कळेल. तेलाने भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

आता उलटा दोष. गिअर टाकताना खरखर होते, पेडल दाबूनही ट्रॅक्टर पुढे ओढतो. इथे मोकळी चाल बहुधा जास्त झालेली असते. तीही बसवता येते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही असेच होते. म्हणून ट्रॅक्टर बरेच दिवस उभा ठेवायचा असेल, तर पेडल दाबून लाकडाने अडकवून ठेवावे.

गिअर आपोआप सुटत असेल, तर अनेक ट्रॅक्टरांत वरचे झाकण काढले की स्प्रिंग आणि गोळी दिसते. स्प्रिंग मोडलेली किंवा गोळी झिजलेली असेल तर तेवढ्यावर भागते. लिव्हर हाताने दाबून धरून ट्रॅक्टर चालवत राहिल्यास आतला फोर्क आणि दात दोन्ही जातात.

आवाजावरूनही पुष्कळ कळते. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा, इंजिन चालू. पेडल दाबताच आवाज आला तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. एकाच गिअरमध्ये येतो, तर त्या गिअरचे दात. फक्त वळताना येतो, तर डिफरन्शियल.

ट्रॅक्टर मुळीच हलत नसेल, तर आधी हाय-लो लिव्हर मध्येच न्यूट्रलला तर नाही ना ते पाहा. हसू नका, असे होते. मग पी.टी.ओ. जोडून पाहा. एकाच क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पी.टी.ओ. फिरतो पण चाके नाहीत, तर क्लच प्लेट फाटलेली नाही, दोष तिच्या मागे आहे. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरला हा नियम लागू नाही, कारण तिथे पी.टी.ओ.ची प्लेट वेगळी असते. पुढे सपाट जागी, सरळ दिशेत डिफरन्शियल लॉक लावा. लॉक लावल्यावर ट्रॅक्टर हलू लागला, तर एका बाजूचा अ‍ॅक्सल किंवा त्या बाजूचे गिअर मोडले आहेत. मग गिअर बॉक्सला हात लावायचे कारण नाही.

शेवटची तपासणी तेलाची. ट्रॅक्टर थोडा चालवून, तेल कोमट असताना ड्रेन नट काढा आणि थोडे तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. दुधी रंग आला किंवा तळाशी पाणी बसले, तर चिखलणीत सीलमधून अथवा लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी शिरले आहे. नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ गाळ दिसणे ही नेहमीची झीज. लोखंडाचे कण बोटाला टोचले किंवा दाताचा तुकडा सापडला, तर त्या क्षणापासून ट्रॅक्टर चालवू नये. सुटलेला एक तुकडा बाकीचे गिअर खातो. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. काही ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स आणि लिफ्टचे तेल एकच असते, काहींचे ब्रेकही त्याच तेलात बुडलेले असतात. तिथे दुकानदाराने हाती दिलेला डबा चालत नाही.

एवढे करूनही उघडावाच लागला, तर काम मिस्त्रीकडूनच आणि पक्क्या फरशीवर करावे. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर डोलतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय ट्रॅक्टर वेगळा करू देऊ नका, नाहीतर इंजिनाचा भाग कलंडतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. एकदा उघडल्यावर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधले लहान बेअरिंग आणि दोन्ही सील एकदमच पाहून घ्यावेत. शंभर रुपयांच्या सीलसाठी पुन्हा ट्रॅक्टर उघडणे परवडत नाही. प्लेट आणायला जाताना जुनी सोबत न्या, व्यास मोजा, मधल्या भोकाच्या खाचा मोजा. सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलच्या प्लेट वेगळ्या निघतात.

नवी प्लेट बसल्यावर पहिल्या ५० तासांनंतर मोकळी चाल पुन्हा तपासा, आणि चिखलणी संपली की खालचे ते बूच आठवणीने काढा.